पपांची शिंगं आणि माझं गप्प बसणं

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी एलरॉयच्या घरी पोचले. फाटकापासून हॉर्न वाजवत आले तरी हा बाहेर आला नाही. आत रेडिओ असा ठणाणा करत होता की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. एका हातात केकचं भांडं धरून दुसऱ्या हाताने दार बडवलं. तेही पुरेना, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर जाऊन हात हलवले. मग कुठे साहेबांचं लक्ष गेलं. व्हर्ना गेल्यापासून माझा हा थोरला भाऊ अगदीच रानटी झालाय. बायको असती तर तिने त्या रेडिओचा कान पिळला असता.

उद्या हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पपांच्या मागे घर, गुरं आणि हे सगळं काटवन एलरॉयने सांभाळलं. मी लग्न करून गावात गेले, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, नवऱ्याला माती दिली, निवृत्त झाले. पण नोव्हेंबर आला की मी बंदूक घेऊन इथेच. नाताळाच्या आधीच्या शनिवारी पपांच्या यंत्रावर सगळ्यांनी मिळून सॉसेज करायचं, तेही याच रानातल्या हरणाचं. आजवर कधी चुकलेलं नाही.

आमचं भांडणही कधी चुकलेलं नाही. एलरॉय पपांचा चेला. हरणाच्या शिंगांची जोडी एकमेकांवर आपटायची, दोन नर झुंजताहेत असं भासवायचं, म्हणजे माजावर आलेला तिसरा नर तमाशा बघायला धावत येतो. मी मम्मीची लेक. वारा कुठून येतोय ते बघून पाण्याच्या वाटेवर बसायचं आणि श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

"या वर्षी तरी मूग गिळून बसू नकोस, उंदरे," तो म्हणाला. उंदरी हे पपांनी ठेवलेलं नाव. मग त्याने खिशातून प्लास्टिकची नवी पिपाणी काढली. फुंकली की नर हरणाच्या डुरकण्यासारखा आवाज येतो म्हणे.

"पोट बिघडलेल्या बैलाचा आवाज आहे हा," मी म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला आणि मग खो खो हसला. हल्ली तो असाच बघतो. माझ्या दातात काही अडकलंय की काय म्हणून मी आरशात पाहून आले. काही नव्हतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

पहाटेपासून तळ्याच्या बांधावर बसले. थंडी अगदी बेताची. निवडुंगाच्या फडांवर दव होतं. दोन हरण्या आल्या, एक कोवळा नर आला, पाणी प्यायला, माझ्याकडे बघून कान हलवले आणि निघून गेला. मारण्याजोगा नव्हता, पण त्याच्याकडे बघत बसायला मला फार बरं वाटलं.

आणि मग ओढ्यापलीकडून एलरॉयची शिंगं सुरू झाली. खडाखड, खडाखड! एक तर नर अजून माजावर यायचेत. त्यात वाजवायचं तरी किती! पपांची शिंगं अशी वाजायची नाहीत. आधी हळूच टोकांना टोकं लागायची, मग एकदम जोरात, मग फांद्या मोडल्याचा आवाज, पायाने माती उकरायची, आणि मग पूर्ण शांत. त्या शांततेत आम्ही दोघांनी मनातल्या मनात 'आमच्या स्वर्गातल्या बापा' ही प्रार्थना तीनदा म्हणायची, जर्मनमध्ये, अजिबात घाई न करता. तिसऱ्या आमेनपर्यंत हलायचं नाही. "तुम्ही आमेन म्हणेपर्यंत देवही पोचतो आणि हरीणही," पपा म्हणायचे, आणि मम्मी त्यांना पाद्रीबुवांकडे तक्रार करण्याची धमकी द्यायची.

पपा आम्हाला एका मेस्कीटच्या काटेरी झाडाखाली पाठीला पाठ लावून बसवायचे. बोलायची चोरी. मग आमची खुणांची भाषा होती. हरीण डावीकडून येत असेल तर डाव्या कोपराने ढोसायचं, उजवीकडून असेल तर उजव्या. मोठा नर असेल तर डोक्याने डोक्यावर टक्कर. एलरॉय मला नेहमी आधी ढोसायचा. त्याचे कानच तसे होते. मला ऐकू यायच्या आत त्याला ओढ्यातला गोटा हललेला कळायचा. "या पोराला हरणाचे कान आहेत," पपा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आज त्याच एलरॉयने दुपारी विचारलं, "काय, झोपलीस का तळ्यावर?" मी म्हटलं, तुझ्या खडखडाटात मेलेलाही झोपायचा नाही. तो उठून कॉफी ओतायला गेला. उत्तरसुद्धा दिलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आमचं घराणं चर्चमध्ये पिढ्यान् पिढ्या डावीकडच्या चौथ्या बाकावर बसत आलंय. एलरॉय आता सगळ्यात पुढे बसतो, पास्टरांच्या अगदी नाकासमोर. या वयात साहेबांना एकदम भक्ती फुटली आहे. आज भजन संपलं, ऑर्गन थांबला, सगळे बसले, आणि हे महाशय आपल्या खणखणीत आवाजात शेवटची ओळ गात उभेच. मागच्या बाकावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याची पुन्हा वेगळी लाज वाटली.

आठवडाभर फोन करतेय, उचलत नाही. एवढं काय बिनसलंय त्याचं? विचारावं तर सांगत नाही. जवळ गेलं की स्वतःच बडबडत सुटतो, मला एक शब्द मध्ये घालता येत नाही. पूर्वी आम्ही तासन् तास न बोलता शेजारी बसायचो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंगचं जेवण जॅनेलकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे. टर्की थोडी कोरडी झाली होती, पण मी बोलले नाही. टेबलाभोवती पंधरा-वीस माणसं एकदम बोलत होती. एलरॉयने पपांची ती जुनी गोष्ट सांगितली, शिंगं वाजवली तेव्हा हरणाऐवजी शेजाऱ्याचा बोकड धावत आला आणि पपांना झाडावर चढावं लागलं ती. सगळे पोट धरून हसले. पण नंतर कुणी काही विचारलं की तो नुसता मान डोलवायचा. थोड्या वेळाने ताट घेऊन ओसरीवर कुत्र्याजवळ जाऊन बसला.

"मामाची तब्येत बरी आहे ना, मॉम?" जॅनेलने विचारलं.

"धडधाकट आहे. त्याला आता माणसं नकोशी झालीत," मी म्हटलं.

जावई ड्वेन मला केव्हापासून त्याच्या शिकारीच्या जागेवर बोलावतोय. तिथे उंच लाकडी खोपटी, आत शेगडी, बसायला गादीची खुर्ची, आणि समोर हरणांना भुलवायला मका टाकणारं यंत्र. "तिथे सगळे तुमच्यासारखे गप्प बसणारे आहेत," तो डोळा मारून म्हणाला. मी म्हटलं, बघू. खरं सांगायचं तर मोह झाला. आणि मोह झाला म्हणून मला एलरॉयचाच राग आला. ही वेळ त्याने आणली.

७ डिसेंबर, शनिवार

इतकी चिडले आहे की पेन कागदात घुसतंय.

उत्तरेचा वारा सुटलाय आणि नर माजावर आलेत. शिंगं वाजवायची खरी वेळ हीच, हे मलाही मान्य. म्हणून आज मीच म्हटलं, आपण एकत्र बसू, तू वाजव, मी बंदूक धरते. केवढा खूश झाला! पपांची शिंगं घेऊन आला, तीच, घासून गुळगुळीत झालेली, चामड्याच्या वादीने बांधलेली. ओढ्याच्या वळणावर त्याच मेस्कीटखाली बसलो. तो माझ्यापुढे चार हातांवर, पलीकडे तोंड करून.

आणि काय वाजवली त्याने! टोकांना टोकं, मग धडक, मग फांद्या, मग माती. मला एकदम पपांच्या कोटाचा, तंबाखूचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. डोळे भरून आले. मग शांतता. मी मनात प्रार्थना सुरू केली.

तिसऱ्या प्रार्थनेच्या मध्यावर मागे डावीकडे ओढ्यात गोटे वाजले. खणखणीत, मोठ्या खुरांखाली वाजतात तसे. मग एक डुरकणी, अगदी जवळ. मी हळूहळू वळू लागले. "एलरॉय, हलू नकोस," मी कुजबुजले. आणि हा पठ्ठ्या उठून उभा राहिला! चक्क उभा! आळस दिला, अंग झटकलं. झुडपात धाडकन आवाज झाला, पांढरी शेपटी उडाली, संपलं. आमच्या रानात एवढ्या शिंगांचा नर मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"काही नाही इथे," तो म्हणाला. "चल, पुढच्या वळणावर बसू."

माझं डोकंच फिरलं. त्याने पाठ फिरवून थर्मास आवरायला घेतला आणि मी मागून जे तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या कानात काय बोळे घातलेत? मी सांगितलेलं तुला कधी पटायचंच नाही का? पपांनी शिकवलेलं सगळं मातीत घातलंस. हे शेवटचं. पुढच्या वर्षापासून मी ड्वेनकडे जाणार, तू बस इथे एकटा शिंगं बडवत.

तो वळला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसला. "हो, हो," म्हणाला. आणि थर्मास पुढे केला.

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. बहिणीने जन्माचं नातं तोडून टाकावं आणि भावाने हसून कॉफी पुढे करावी! मी कॉफी घेतली नाही. तडक घरी आले.

१० डिसेंबर, मंगळवार

ड्वेनला फोन करून हो म्हटलं. मग भांडी घासताना खूप रडले. एलरॉयचा फोन नाही. करणारही नाही, मला माहीत आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पुढच्या शनिवारी सॉसेज, आणि अजून हरीण नाही. जॅनेल म्हणते दुकानातून डुकराचं आणू. मी तिला म्हटलं, आण, काय बिघडतं. बिघडतं खूप. पण कुणाला सांगू?

दुकानात पोलो गार्सा भेटला. एलरॉयच्या शेजारच्या रानात गुरं राखतो, आम्हाला अदबीने डॉन-डोन्या म्हणतो. हॅट काढून त्याने माझ्या हाताला धरून बाजूला नेलं.

"डोन्या लिओना, तुमचे भाऊ म्हणजे वाघ आहेत हो!"

"आता काय केलं त्याने?"

"ऑक्टोबरमध्ये आमच्या मधल्या फाटकाशी उभे होते, कुलूप लावत. पायाशी खुळखुळ्या साप. हा असा वेटोळं करून, शेपटी अशी खुळखुळवत होता की मला रस्त्यापलीकडे ऐकू येत होतं. मी बोंबललो, डॉन एलरॉय, साप! तर यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. शांतपणे कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि चालू लागले. मरणाला भीत नाही तो माणूस!"

"शहाणपणाचं नाव नाही, सगळा मोठेपणा," मी म्हटलं. तुझ्यासमोर शौर्य दाखवत असेल, असंही म्हटलं. पोलो माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत राहिला, मग हॅट घालून गेला.

उद्या जाऊन एलरॉयला ड्वेनचं पुन्हा नीट सांगून येते. रागात बोललेलं वेगळं. माझी बसायची चटईही तिथून आणायची आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

कुठून सुरुवात करू?

बंदूक न घेता गेले. ट्रक घराशी होता, शिंगं खुंटीवर नव्हती, म्हणजे तो ओढ्यावर. आमच्यात नियम आहे की बसलेल्या माणसाकडे जाताना आधी शीळ घालायची आणि त्याने उलट शीळ दिल्याखेरीज पुढे पाऊल टाकायचं नाही. चुकून कुणी गोळी घालू नये म्हणून. मी शीळ घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली, मोठ्याने. नाही. म्हटलं, अजून फुगलाय तर. बंदूक झाडाला टेकवलेली दिसली, तेव्हा पुढे गेले, मुद्दाम पाय आपटत, वाळकी पानं तुडवत. एके काळी मी पाय उचलायच्या आत याला कळायचं. तो मेस्कीटखाली माझ्याकडे पाठ करून बसला होता. शिंगं नुकतीच वाजवून मांडीवर ठेवली होती.

मी जरा बाजूला झाले तर त्याचे ओठ हलताना दिसले. तो प्रार्थना म्हणत होता. जर्मनमध्ये, अजिबात घाई न करता. एकदा आमेन झालं, पुन्हा पहिल्यापासून. पपांचा एकही शब्द तो विसरलेला नव्हता. आणि मीच म्हटलं होतं की याने सगळं मातीत घातलं.

तेवढ्यात त्याच्या डावीकडच्या झुडपात काटक्या मोडल्या. डुरकण्याचा आवाज आला, मग पुन्हा, आणखी जवळून. एक नर, मागच्या शनिवारचा नव्हे पण चांगला, मान खाली घालून बाहेर आला आणि एलरॉयपासून दहा पावलांवर त्याने खुराने माती उकरली. खर्र, खर्र. मला तिथवर ऐकू येत होतं. एलरॉय समोर बघत बसला होता. ओठ हलत होते.

तिसरं आमेन झालं. त्याने उसासा टाकला आणि उठला. हरीण उधळलं. त्याला ते दिसलंही नाही.

रेडिओ, फोन, पुढचा बाक, टेबलावरून उठून ओसरीवर जाणं, माझ्या दातांकडे बघणं, आणि अरे देवा, तो साप! मी झाडाला धरून उभी राहिले. मग मोठा वळसा घालून त्याच्या समोर गेले, तो दचकू नये म्हणून लांबूनच हात वर केले.

"लिओना? शीळ नाही घातलीस?"

मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तोंड त्याच्या तोंडासमोर आणून म्हटलं, "कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

तो शिंगांच्या वादीशी चाळा करत राहिला. "व्हर्नाच्या आजारपणातच कमी झालं होतं," म्हणाला. "तेव्हा तीच सांगायची कोण काय म्हणालं ते. आता डावा गेलाच. उजव्यातून विहिरीत बोलल्यासारखं येतं."

"मला का नाही सांगितलंस, मूर्खा?"

"तू मला बंदूक धरू दिली नसतीस. जॅनेलने मला गावात नेऊन ठेवलं असतं." मग शिंगं वर धरून म्हणाला, "ही वाजतात का गं पूर्वीसारखी? मला ऐकू येत नाहीत. मनगटात कळतं फक्त. पपा कसे वाजवायचे ते आठवून आठवून वाजवतो."

मी मान हलवली. हो, वाजतात.

"त्या दिवशी तू फार चिडली होतीस," तो म्हणाला. "घरी जाऊन विचार करत बसलो. मला वाटलं ते हरीण निसटलं म्हणून असेल. काय म्हणालीस तेव्हा?"

त्याने ऐकलंच नव्हतं. त्यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं! तो माझ्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत होता, आणि मी जन्मात एखाद्या गोष्टीबद्दल देवाचे इतके आभार मानले नसतील.

"म्हटलं, कॉफी गार झालीय," मी सांगितलं.

"मग बरोबरच चिडलीस," तो म्हणाला.

१५ डिसेंबर, रविवार

ड्वेनला फोन करून नाही म्हटलं. का ते सांगितलं नाही. चर्चमध्ये आज मीही सगळ्यात पुढच्या बाकावर बसले, आणि भजन संपलं तेव्हा एलरॉयच्या बाहीला हळूच हात लावला. जानेवारीत त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. तो नाही म्हणतोय. नेणार आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज बसलो. पाठीला पाठ लावून, त्याच झाडाखाली, पपा बसवायचे तसे. दोघांचीही हाडं आता टोचतात. बंदूक एलरॉयच्या गुडघ्यांवर. शिंगं वाजवायची पाळी माझी. एवढ्या वर्षांत मी ती कधी हातात घेतली नव्हती. तो मागे वळून वळून सांगत होता, "आधी टोकं, उंदरे, हळू! तू काय कपडे आपटतेयस?"

वाजवली. फांद्या मोडल्या, माती उकरली, आणि थांबले. मग प्रार्थना. त्याची पाठ माझ्या पाठीला लागून हलत होती, त्यामुळे तो कोणत्या ओळीवर आहे हेसुद्धा मला कळत होतं.

दुसरं आमेन व्हायच्या आत ओढ्यात गोटा हलला. मी उजवं कोपर दाबलं. तो जागच्या जागी थिजला. आणखी एक गोटा, मग श्वासाचा आवाज, मग ती डुरकणी. मी हळूच डोकं मागे नेऊन त्याच्या डोक्यावर टेकवलं. तो सावकाश त्या बाजूला वळला, बंदूक उठली, आणि आवाज झाला.

त्या दिवशी निसटलेलाच नर होता, ओढ्याच्या वळणावरचा. एका गोळीत पडला. आम्ही दोघं त्याच्याजवळ बसलो, एलरॉयने हॅट काढली. मग तो म्हणाला, "आता सांग. कसा आला?"

"म्हणजे?"

"सगळं सांग. पहिल्यापासून. गोटा कसा वाजला?"

मी सांगू लागले. त्याला पुरेसं ऐकू येईना, तेव्हा आवाज चढवला. तेही पुरेना, तेव्हा ओरडून सांगितलं. गोटा कसा खणकन वाजला, दुसरा कसा दबून वाजला, तो थांबून हुंगत होता तेव्हा नाकातून कसा सूं सूं आवाज येत होता, काटक्या आधी बारीक मोडल्या आणि मग जाड. पक्षी उडाले, सगळं रान ऐकत होतं. एलरॉय डोळे मिटून मान डोलवत होता. "पुन्हा सांग," म्हणाला. पुन्हा सांगितलं. ट्रकमध्येही सांगितलं, हरीण सोलतानाही सांगितलं.

उद्या सॉसेज. जॅनेल, ड्वेन, पोरं सगळे येतील, आणि मला एक शब्द बोलता येणार नाही. घसा साफ बसलाय.